पिशाच्चाचे संगीत

फ्रान्सिस कपोला यांच्या १९९२ च्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटास संगीत दिले ते पोलंडच्या वोयचेख किलार या श्रद्धाळू कॅथलिक संगीतकाराने. खर्जातील तंतुवाद्यांवर एकच स्वरावली पुन्हा पुन्हा घोळते, तिच्यावर सारा वाद्यवृंद चढत जातो. आणि मृत पत्नीसाठी शतकानुशतके झुरणाऱ्या त्या रक्तपिपासू सरदाराची भीतीऐवजी कीवच येऊ लागते. कनेरगाव नाक्यावरील आमच्या घरी नेमका यालाच आत्याबाईंचा आक्षेप. “ज्याचं भय धरायचं, त्याची कीव कशाला?” आक्षेप अगदीच पोकळ नव्हे.

आम्ही त्यांना किलार यांचेच १९८४ चे ‘अँजेलस’ ऐकविले. रीत तीच, घोळविण्याची; शब्द मात्र ‘नमो मरिये’चे, पोलिश भाषेतले. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला आत्याबाईंची बोटे जपमाळेवर फिरू लागली. ‘ड्रॅक्युला’ला मात्र घरात अद्याप परवानगी नाही.