मित्राची म्हणजे कोणाची?

मराठी रंगभूमीला पळून जाऊन केलेल्या लग्नाचं पहिल्यापासून भारी कौतुक! १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' आलं, त्यात काय आहे? बलरामाने बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, सुभद्रेचा जीव अर्जुनावर, आणि दुसरा भाऊ कृष्ण आतून सगळं जमवून देतोय. अर्जुन तर चक्क संन्यासी बनून मुलीच्या माहेरी मुक्काम ठोकतो. आपल्या कॅन्टीनच्या भाषेत याला 'फुल सेटिंग' म्हणतात. माझ्या मामेबहिणीने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा आजी दोन वर्षं तिच्याशी बोलली नव्हती. तीच आजी सकाळी पूजेची फुलं निवडताना सौभद्रातली पदं म्हणते. ही विसंगती तिला दाखवून द्यायची आमच्या घरात अजून कोणाची टाप नाही.

म्हणजे रंगमंचावर 'नको त्या' माणसावर प्रेम केलेलं आपल्याला चालतं. फक्त शेवटी अक्षता पडायला हव्यात.

मला ज्या नाटकाबद्दल लिहायचंय त्यात अक्षता पडत नाहीत. नाव 'मित्राची गोष्ट', लेखक विजय तेंडुलकर. १९८१ साली ते रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं आणि मुख्य भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. (पुढच्याच वर्षी आलेल्या 'गांधी' सिनेमात त्या कस्तुरबा होत्या. हे कळल्यावर आमच्या ग्रुपमधल्या एकाचा आ वासला तो बराच वेळ तसाच होता.)

खरं तर मी हे नाटक मराठीत वाचलं हाच एक विनोद आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. वर्गात मराठी बोललं की दंड, त्यामुळे जोडाक्षर दिसलं की मी अजूनही ब्रेक मारते. महाराष्ट्रात नाटक करायचं तर संहिता आधी 'रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळा'कडे द्यावी लागते. हे नाव पहिल्यांदा मोठ्याने वाचताना मी तीनदा अडखळले, तेव्हा मंडळाचा अर्धा उद्देश तिथेच सफल झाला असं वाटलं! याच मंडळाच्या बंदीविरुद्ध तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. ती १९७२ ची बंदी. पण ते नाटक स्त्री-पुरुषांचं होतं. 'मित्राची गोष्ट' दोन मुलींची आहे.

आमच्या शाळेत नववीला शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधले दोन प्रवेश बसवले होते. मुलींचीच शाळा, त्यामुळे ड्यूकसुद्धा मुलगीच, मिशी काजळाची. व्हायोला मुलाच्या वेषात आहे आणि ऑलिव्हिया तिच्याच प्रेमात पडते. पहिल्या रांगेत बसलेल्या सिस्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण शेवटी जुळा भाऊ येणार आणि हिशेब बरोबर लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे तर बालगंधर्वच होते. 'मानापमान'मधली भामिनी ते, 'एकच प्याला'मधली सिंधू ते. दोन पुरुष प्रेमाच्या गोष्टी बोलताहेत आणि प्रेक्षकांतल्या बायका त्यातल्या एकाच्या साडीची, दागिन्यांची नक्कल करताहेत! हे सोंग आहे एवढं माहीत असलं की आपण भलतेच उदार होतो.

तेंडुलकरांनी काय केलं, तर सोंग उतरल्यावरची गोष्ट सांगितली. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, जागा आपल्यासारखंच एक कॉलेज. सुमित्रा नावाची धीट, मोकळी, मुलांसारखी वागणारी मुलगी. तिला सगळे मित्रा म्हणतात. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, समोर नायिका नमा. तालमी होतात, प्रयोग होतो, रंग पुसला जातो, पण मित्राच्या मनातलं पुसलं जात नाही. नमाच्या मागे मन्या दळवी नावाचा दांडगा मुलगा आहे, तो धाकदपटशाला उतरतो. कॉलेजात कुजबुज सुरू होते. नमा कधी इकडे, कधी तिकडे. पुढे मित्रा एकटी पडत जाते आणि शेवटी जीव देते.

कथा एवढीच सांगितली तर वाटेल, समजलं, समाजाने एका मुलीचा बळी घेतला. मलाही पहिल्या वाचनात तेवढंच दिसलं होतं. पण ही गोष्ट सांगतो कोण? बापू. भिडस्त, बुजरा, मुलींशी बोलताना ततपप होणारा. तो मित्राच्या प्रेमात पडतो, ती त्याला सरळ सांगते की तू माझा मित्र आहेस, त्यापेक्षा जास्त काही होणार नाही, आणि का होणार नाही तेही सांगते. मग हा बापू तिच्यासाठी आपली खोली मोकळी करून देतो, निरोप पोचवतो, बाहेर वाट बघत बसतो, कॉलेजात टोमणे खातो. आणि एक दिवस त्याचा संयम संपतो. तिला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा तो तिला तोडून टाकतो.

आता नाव पुन्हा वाचा. 'मित्राची गोष्ट' म्हणजे मित्रा नावाच्या मुलीची, की मित्र असलेल्या बापूची? मराठीत दोन्हींचं रूप एकच होतं. व्याकरणाने माझा आजवर छळच केला, पण इथे मात्र मी त्याला सलाम केला.

तर, हे नाटक गॅदरिंगला करावं असं आमच्या नाटकवेड्या सातजणांनी ठरवलं. एका सरांना संहिता दाखवली. त्यांनी ती मनापासून वाचली हे खरं, कारण समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणाले, "विषय चांगला आहे, पण थोडा बदल करा. मित्राला मुलगा करा. मग घरच्यांचा विरोध म्हणून जात आणा. हल्ली आंतरजातीय फार चालतं." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. माझ्या आजीच्या घरात जे दोन वर्षं चाललं नाही, ते इथे 'सेफ' म्हणून सुचवलं जात होतं! सरांना दोष देत नाही. समोर पालक बसणार, प्रमुख पाहुणे बसणार, उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं. पण मित्राला मुलगा केलं की बापूचं काय करायचं? मग कोणी त्याची खोली मागणार नाही, कोणी त्याला टोमणे मारणार नाही, आणि उरेल ते प्रेमाच्या त्रिकोणाचं नाटक. तसली दर गॅदरिंगला दोन असतात.

मग आम्ही प्रयोगाचा नाद सोडला आणि नुसतं वाचन केलं. एका रविवारी संध्याकाळी, ड्रॉइंग हॉलमध्ये, उंच स्टुलांवर बसून. साठ-सत्तर जण आले. सबमिशनच्या आठवड्यात एवढी गर्दी म्हणजे हाऊसफुल्लच. मित्रा मी वाचली. पहिली दहा मिनिटं मागून शिट्ट्या आणि ठरलेले आवाज आले, मग बंद झाले. बापू वाचणारा आमचा मित्र लातूरकडच्या खेड्यातला, त्याला 'प्रमाण' बोलायला लावायचा आम्ही प्रयत्नच केला नाही, आणि त्यामुळे बापू एकदम ओळखीचा वाटायला लागला.

नंतरच्या चर्चेत एकाने विचारलं की आता याचं काय? ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ बद्दल निकाल दिला, संमतीने जवळ आलेली दोन सज्ञान माणसं गुन्हेगार राहिली नाहीत. मग नाटक जुनं नाही का झालं? त्यावर दुसरीने १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल काढला. त्यात कोर्टाने अशा लग्नांना कायद्याची मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे हिशेब असा, की गुन्हा नाही, पण अक्षताही नाहीत. मला विचाराल तर नाटकाचा शेवट मला आवडत नाही. १९८१ साली मित्राला मारल्याशिवाय प्रेक्षकांना तिची दया आली नसती की काय, कोण जाणे. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये आई मुलाची डायरी वाचते आणि आपला मुलगा समलिंगी आहे हे तिला कळतं. तिथे बोलते ती आई. कायदा कसाही असला तरी घरात आणि हॉस्टेलात कोणीतरी एक माणूस असतोच, ज्याला आधी कळतं. पुढचं बरंचसं त्याच्यावर असतं.

हे मी एवढ्या ठामपणे लिहिते, कारण ते माणूस मी होते. दोघी माझ्या मैत्रिणी. या कॉलेजच्या की ज्युनियर कॉलेजच्या, ते लिहिणार नाही. हे मासिक रेक्टर मॅडमही वाचतात. आमची तिसरी कॉट कायम गच्च भरलेली असायची, आणि रविवारी दुपारी मी जर्नल घेऊन रीडिंग रूमला जायचे. कोणी विचारलं की सांगायचं, खोलीत उकडतंय. डिसेंबरमध्येसुद्धा उकडतंय! मग एक दिवस दारावर कोणीतरी मार्करने दोन शब्द लिहून ठेवले. मी ते थिनरने पुसले, रंगाचा डाग राहिला. त्यानंतर मुली मला अडवून विचारायच्या, "तुला माहिती असणारच. तू पण तसलीच का?" मी कधी काही बोलले नाही. याला कोणी थोरपणा म्हणू नये, कारण मला त्या दोघींचा मनस्वी राग यायचा. त्यांचं प्रेम, आणि झोप माझी उडालेली. त्यांना एकमेकींशी भांडायचं असलं तरी निरोप माझ्यामार्फत! एकदा तर जिना उतरता उतरता मनात आलं, आज खरं सांगून मोकळं व्हावं. नाही सांगितलं. एक मुलगी पुढे शहर बदलून गेली, दुसरीचा वाढदिवसाला मेसेज येतो. दोघी जिवंत आहेत, नोकरीच्या मागे आहेत, आणि एकमेकींशी बोलत नाहीत. कारण म्हणे कुणीतरी कुणाचा लॅपटॉप परत केला नाही. तेंडुलकरांना हा शेवट सुचला नसता!

म्हणून बापू शेवटी मित्राला तोडतो तो प्रवेश वाचताना मला त्याची चीड येत नाही. तो वाईट नाही, दमलाय. आणि त्याला विचारायलाही कोणी नाही, की बाबा रे, तू कसा आहेस?

वाचन संपल्यावर स्टुलं जागेवर लावताना मी आमच्या लातूरच्या बापूला विचारलं, तू त्याच्या जागी असतास तर?

त्याने बराच विचार केला. म्हणाला, "खोली दिली असती की. पण रोज नाय. मलाबी अभ्यास असतो."

संहितेची झेरॉक्स त्याच्याकडेच आहे. हल्ली विंगमधली दुसरीच पोरं ती मागून नेतात, आणि परत येते तेव्हा त्यावर चहाचा एक नवा डाग असतो.