मालिकेचे टिपण

सारांश एरवी लिहून झालेल्या कृतीचा असतो. मालिकेसाठी सादर करावयाचे टिपण मात्र अद्याप अस्तित्वातच नसलेल्या कृतीचा सारांश असते. १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या 'हम लोग'चे दीडशेहून अधिक भाग मनोहर श्याम जोशींनी लिहिले. एवढा विस्तार एका पानात मावणे शक्यच नाही. पानात मावते ते एक कुटुंब, त्यातील ताण आणि तो ताण लवकर न सुटण्याचे कारण. म्हणजे टिपण कथानकाचे नसतेच. ते कथानकाच्या शक्यतेचे असते. फॉर्स्टरने १९२७ मध्ये कथा व कथानक यांत कार्यकारणभावाच्या आधारे केलेला भेद येथे अपुरा पडतो, कारण ही साखळी पुरी झाली की मालिका संपते, आणि टिपण वाचणाऱ्याला हवे असते न संपणारे काही.

कथा लिहून हात बसलेल्या लेखकाची खरी कोंडी यापुढे सुरू होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर अबोल झालेला बाप त्याला उभा करायचा आहे. कथेत ते मौन पानेच्या पाने व्यापू शकते. टिपणात त्याला क्रियापदच मिळत नाही. तेथील वाक्ये सारी वर्तमानकाळी आणि कर्तरी : ती ठरवते, तो नाकारतो. मग बापाला सूड दिला जातो. (सूड कोणत्याही वाहिनीला कळतो.) टिपण मंजूर होते. लेखक पहिला भाग लिहायला बसतो, तेव्हा समोर बोलत असलेला बाप त्याच्या ओळखीचा उरलेला नसतो.