रीचिंग संडे

इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ आमच्या आंबी गावात आला तो तारेने. धाकटे काका मुंबईला गिरणीत होते. गणपतीला किंवा जत्रेला यायचं ठरलं की ते तार करायचे. तार म्हटलं की आजी आधी डोळ्याला पदर लावायची; मग कुणीतरी शिकलेला माणूस गाठून कागद वाचून घेतला जायचा. आत मजकूर दोन शब्दांचा: ‘रीचिंग संडे’. तारेला शब्दांवर पैसे पडत, त्यामुळे ‘आय’ गळालेला, ‘ॲम’ गळालेलं. उरायचं ते नुसतं ‘इंग’. वाचणारा सांगायचा, ‘‘रविवारी पोचतोय म्हणतोय.’’ त्यावर आजी विचारायची, ‘‘पोचतोय म्हंजी? आज तर मंगळवार हाय. पोरगं अजून मुंबईतच असंल की.’’

देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आजी त्याच्या कितीतरी आधी गेली. तिचा प्रश्न मात्र मी मावळातल्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवायला लागल्यावर वर्गातलं कुणी ना कुणी विचारतच राहिलं. जो अजून निघालासुद्धा नाही, तो ‘पोचतोय’ कसा?

आमच्या वेळी एबीसीडी पाचवीला सुरू व्हायची; महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमचे सर ‘चालू वर्तमानकाळ’ शिकवताना खरोखरच वर्गात चालायचे. ‘आय ॲम वॉकिंग.’ खडू उचलायचे, ‘आय ॲम रायटिंग.’ डोळ्यांसमोर चाललेली क्रिया म्हणजे ‘इंग’, हे त्यामुळे असं पक्कं बसलं की पुढे कॉलेजात रेन आणि मार्टिनचं जाड व्याकरण हाती आलं, तेव्हा त्यातला ‘ठरलेल्या भविष्यासाठीही हाच काळ वापरतात’ हा नियम छापखान्याची चूक वाटावा. (यातले रेन म्हणजे ‘ब्यू जेस्ट’ ही १९२४ सालची गाजलेली कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्यांची नोकरी झाली. पोरांना धाक घालणारं व्याकरण आणि वाळवंटातल्या शिपायांची कादंबरी एकाच हाताने लिहिली, याचं मला अजून नवल वाटतं.)

शिक्षकी करताना रेमंड मर्फींचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ मिळालं. १९८५ पासून जगभर चालणारं पुस्तक. त्यात हा धडा डायरीच्या पानापासून सुरू होतो. टेनिस, दाताचे डॉक्टर, कुणाबरोबर तरी जेवण, अशा नोंदी; आणि त्या सगळ्या ‘इंग’मध्ये सांगायच्या. समजावण्याची रीत उत्तम आहे, पण ती डायरी असणाऱ्यांसाठी. आमच्या मुलांच्या घरी लिहून ठेवण्याजोगी वही एकच असायची, दुधाच्या रतीबाची.

मग माझ्या ध्यानात आलं की ही डायरी आमच्याकडे होती, फक्त ती कागदावर नव्हती.

मावळात जूनच्या मध्याला पाऊस धरतो. रोपं तीनचार आठवड्यांची झाली की भातलावणीची घाई सुटते आणि ती सगळ्यांची एकदमच सुटते. एका घरच्या माणसांनी खाचर उरकत नाही. म्हणून सावड. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. मजुरी नाही, हाताची फेड हातानेच. पाळ्या आदल्या दोनचार दिवसांत ठरतात, कुणाच्या तरी ओट्यावर, अंधार पडता पडता. तिथे एकदा ‘‘परवा आमची लावणी हाय’’ असं वडिलांनी म्हटलं, की त्या वाक्याने आठदहा घरांचा दिवस बांधला जायचा. चिखलणीचा नांगर त्या दिवसापुरता सांगून ठेवलेला. रोपं उपटून मुठी बांधायला बाया ठरलेल्या. आईचं डोकं तेव्हापासूनच एवढ्या माणसांच्या भाकरी-कालवणात. ऐन वेळी कुणी नाही म्हणायची सोय नव्हती. उपटलेली रोपं तशीच पडून राहिली तर पिवळी पडतात. आता खाचरात बहुतेक ठिकाणी इंद्रायणी असतो, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला. नांगराच्या जागी पॉवर टिलर आलाय. पण सावड अजून जिथे टिकून आहे, तिथे बोलणं तेच आहे: परवा आमची लावणी आहे.

हे वाक्य इंग्रजीत न्यायचं तर ‘वी आर ट्रान्सप्लांटिंग द डे आफ्टर टुमारो’. इथे ‘विल’ घातलं तर ओट्यावरचा सगळा ठराव पुसला जातो. ‘विल’ बहुधा त्याच क्षणी सुचलेलं असतं. पाहुणा दारात आला आणि आपण म्हणालो, ‘चहा टाकते’, तसं. ‘गोइंग टू’मध्ये मनाचा निश्चय असतो, आणि तो बोलणाऱ्याच्या एकट्याच्या मनात असला तरी चालतो. ‘इंग’ला बहुतेक वेळा दुसरं माणूस लागतं. कुणाला तरी सांगितलेलं असतं, तिकीट काढलेलं असतं, पाळी लागलेली असते. काका रविवारी पोचणार होते, पण मंगळवारी त्यांची रजा मंजूर झालेली होती. चालू असते ती ठरलेली गोष्ट. पाय मागाहून चालतात. आजीला हे कळलं असतं. लावणीच्या पाळ्या तर तीच ठरवायची.

मराठी अशा ठिकाणी ‘आहे’वर काम भागवते. मे महिन्यात लग्न आहे. उद्या पेपर आहे. संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं आहे. मी मुलांना सांगू लागले: जिथे घरी तुम्ही ‘आहे’ म्हणता आणि गोष्ट पुढची असते, तिथे इंग्रजीत ‘इंग’ लावून बघा. सोळा आणे नियम नव्हे हा. पेपरला लागत नाही, डेक्कन क्वीनलाही नाही. ती पुण्याहून सव्वासातला सुटते आणि तळेगावला न थांबता निघून जाते. वेळापत्रकाला इंग्रजी साधा वर्तमानकाळच देते, कारण ते कुणी आपल्याशी बोलून ठरवलेलं नसतं.

आणि पाऊस? ‘उद्या पाऊस येतोय बघ,’ असं आमच्याकडे कुणीही ढगाकडे बघून म्हणतं. इंग्रजीत ‘इट इज रेनिंग टुमारो’ म्हटलं की वाक्य मोडतं. पाऊस कुणाच्या ओट्यावर येऊन पाळी ठरवून जात नाही, म्हणून उद्याच्या पावसाला ‘इंग’ मिळत नाही. मराठी इथे वेगळ्या वाटेने जाते, आणि ती वाट फार जुनी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, तिसऱ्या अध्यायात, सांगितलंय की वर्तमानाला लागून असलेली गोष्ट, झालेली असो वा होणारी, वर्तमानासारखी बोलली तरी चालते. ‘कधी जाणार?’ असं विचारलं की माणूस वर्तमानकाळात ‘हा जातो’ म्हणतो, असा घरगुती दाखलाही टीकाकारांनी दिलाय. लगेच पुढे अशी मुभा दिलीय की, आशा धरली असेल तर होणारी गोष्ट झाल्यासारखीही बोलता येते. त्याच ओघात पतंजलीच्या महाभाष्यात पाऊस पडला की साळी पिकल्याच, अशा अर्थाचं उदाहरण येतं. भाताचं उदाहरण भाष्यकारालाही सुचावं, याचा मावळातल्या माणसाला आनंद होणारच. आपण दारातून ‘आलोच’ म्हणून बाहेर पडतो, ते याच वाटेवरचं. आपल्याकडे जवळ असणं महत्त्वाचं, इंग्रजीत ठरलेलं असणं. म्हणून पुढच्या वर्षीच्या लग्नालाही इंग्रज बेलाशक ‘इंग’ लावतो.

मराठी माणूस ‘इंग’ फार वापरतो म्हणून त्याला हसतात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ याला हसायला हरकत नाही, ते चुकतंच. निसिम इझिकेल यांची मिस पुष्पाच्या निरोपसमारंभावरची कविता कॉलेजात शिकवताना असाच हशा होतो. इझिकेल मुंबईचे, बेने इस्रायली, म्हणजे ज्या समाजाची घरची बोली मराठी त्यातले. १९७६ च्या ‘हिम्स इन डार्कनेस’ या संग्रहात ती कविता आहे आणि तिच्यातला वक्ता जिथे तिथे ‘इंग’ लावतो. पण गंमत अशी, की पुष्पाबाई दोनतीन दिवसांत परदेशी निघणार हे तो सांगतो, तिथे त्याचं ‘इंग’ अगदी जागच्या जागी आहे. तिची तयारी झालीय, निरोपसमारंभसुद्धा चाललाय. वर्ग तिथेही हसतो. त्याला थांबवावं असं मला नेहमी वाटत आलंय.

हसण्यासारखं ‘इंग’ आमच्या भागात वेगळंच होतं. इंद्रायणीच्या पलीकडे वराळे, अलीकडे आंबी, आणि मागे बघता बघता उभी राहिलेली तळेगाव एमआयडीसी. गेली पंचवीसतीस वर्षं इथे कुणी ना कुणी ‘येतंय’. जनरल मोटर्स येतेय, असं ऐकलं. ती २००८ ला खरंच आली, आणि २०२० च्या डिसेंबरात तिचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत ‘ग्रेट वॉल येतेय’ सुरू झालं होतं. चिनी कंपनी हा कारखाना घेणार होती, करारही झाला होता, तो २०२२ च्या मध्याला बारगळला. मग वेदांता-फॉक्सकॉन येतेय. पोरं सेमीकंडक्टर म्हणजे काय ते यूट्यूबवर बघत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने करार केला तो गुजरातशी. अखेर जनरल मोटर्सचा तो मोकळा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईच्या ताब्यात गेला. या सगळ्या ‘येतेय’च्या भरवशावर कुणी खोल्या बांधल्या, कुणी खाचर विकलं. जमीन विकणाऱ्याने बोलणाऱ्याला एकच गोष्ट विचारायला हवी होती: हे कुणाशी ठरलंय?

माझी बहीण सातवी शिकलेली. तिची मुलगी जर्मनीत असते. भाची फोनवर मावसभावाला सांगत होती, ‘आय ॲम कमिंग इन डिसेंबर.’ बहिणीने पलीकडून ओरडून विचारलं, ‘‘तिकीट काढलंस का गं?’’ या काळाची याहून चोख परीक्षा मी कुठल्या व्याकरणात वाचलेली नाही.

म्हणून मावळातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. हा धडा जुलैत घ्या. फळ्यावर डायरीचं पान काढू नका. कुणाच्या घरी कधी लावणी आहे ते मुलांना विचारा आणि उत्तरं इंग्रजीत लिहायला लावा. ज्याच्या घरी आता खाचर उरलेलं नाही, त्याला ताईच्या लग्नाची तारीख विचारा.