धुराचा रंग

आमचा यवतमाळ जिल्हा त्याच्या उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध आहे. पण पौषातल्या पहाटे इथल्या उघड्या माळावर जो एकदा कुडकुडला, तो इथली थंडीही सहसा विसरत नाही. दिवसा तापलेली काळी जमीन रात्री भराभर निवते, पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरतो आणि कपाशीची झाडे दवाने ओली होतात. अशाच एका पहाटे, 1988 सालच्या जानेवारीत, मला एक धडा मिळाला. मुलांनो, तो धडा मला कोणत्याही ग्रंथाने शिकवला नव्हता. शिकवला तो रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीने.

त्या काळी आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना चालू होती. ती 1972 साली सुरू झाली होती. शेतकऱ्याने आपला कापूस ठरलेल्या खरेदी केंद्रावरच विकायचा, असा तिचा नियम होता. हंगामात केंद्राबाहेर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. माझे थोरले बंधू आणि गावातील दोन शेतकरी यांनी मिळून एक ट्रक भाड्याने ठरवला व त्यात आपला कापूस भरला. आमच्या घराचे सारे वर्ष त्या कापसाच्या पैशांवर अवलंबून होते. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. भावाच्या सोबतीसाठी एक दिवसाची रजा काढून मीही निघालो.

ट्रकवरचा क्लीनर सतरा वर्षांचा मुलगा होता. तो माझाच जुना विद्यार्थी. सातवीनंतर घरच्या गरिबीमुळे त्याची शाळा सुटली होती. तो वर्गात असताना एकदा खडूंची पेटी नाहीशी झाली आणि माझा संशय त्याच्यावर गेला. पेटी पुढे कपाटामागे सापडली. पेटी सापडली, तरी संशय मात्र माझ्या मनातून पुरता गेला नव्हता.

त्या पहाटे ट्रक सुरूच होईना. बऱ्याच खटपटीनंतर, आम्ही सर्वांनी मिळून ढकलल्यावर, तो एकदाचा गुरगुरला. मागून पांढऱ्या धुराचे लोट निघाले. कसाबसा धापा टाकीत तो काही अंतर गेला आणि एका चढावर आचके देऊन बंद पडला. चालकाचा पारा चढला. तो क्लीनरवर ओरडला, "यानंच रात्री टाकीतलं डिझेल विकून पाणी ओतलं असेल! आजपासून याला गाडीवर ठेवणार नाही, अन् मजुरीही देणार नाही!"

मुलगा काकुळतीने म्हणाला, "नाही उस्ताद, आईची शपथ! मी काल तुम्हाला सांगितलं होतं, टाकीजवळचा पाईप ओला दिसतो म्हणून."

पण त्याचे कोण ऐकतो! आणि सांगायला लाज वाटते, त्याच वेळी मीही म्हणून गेलो, "शाळेतही याच्यावर लक्ष ठेवावं लागे." मुलाने एकदाच माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

थंडीने टाकीतले डिझेल गोठले असावे, असाही एक तर्क निघाला. चालकाने चिंध्यांचा बोळा डिझेलमध्ये भिजवला आणि टाकीखाली धरण्यासाठी तो पेटवू लागला. इतक्यात जवळच्या कडुनिंबाखालील गॅरेजमधून एक वृद्ध मिस्त्री धावत आले. सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी तो बोळा हिसकावून मातीत दाबला. "अरे, वर कापूस भरला आहे! एक ठिणगी उडाली तर काय उरेल?"

मग त्यांनी शांतपणे विचारले, "धूर कोणत्या रंगाचा होता?"

"धूर तो धूर! त्याला रंग कसला?" चालक वैतागून म्हणाला.

"पांढरा होता, चाचा," मुलगा हळूच म्हणाला.

"शाबास! अन् दुपारी गाडी कशी चालते?"

"ऊन तापलं की बरी चालते. सकाळीच त्रास देते."

चाचांनी मान डोलावली. त्यांच्या या प्रश्नांचे मर्म मला पुढे कळले. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्या इंजिनाची मोठी गंमत अशी, की त्यात ठिणगी लागतच नाही. आत घेतलेली हवा दट्ट्या इतक्या जोराने दाबतो, की ती पाचशे अंशांपर्यंत तापते. त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला, की तो आपोआप पेट घेतो. इंजिन गार असले, की हवेची बरीच उष्णता धातूच शोषून घेतो. मग काही डिझेल न जळताच बाहेर पडते. तोच हा पांढरा धूर. धूर काळा असेल, तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. निळसर असेल, तर वंगणाचे तेल जळत आहे असे समजावे. म्हणजे धूर ही इंजिनाची भाषाच म्हणायची. ती ऐकणारा मात्र हवा.

थंडीने डिझेल गोठते, हेही खरे आहे. पण ते फार कडक थंडीत. तेव्हा त्यातील मेणासारखा अंश घट्ट होऊन गाळणीत अडकतो. लडाखच्या हिवाळ्यासाठी तर 2019 साली उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे खास डिझेल पुरवण्यास सुरुवात झाली. आमच्या यवतमाळच्या थंडीत तसे होण्याचा संभव नव्हता.

चाचांनी आरोपाचीही तपासणी केली. डिझेलच्या गाळणीच्या तळाशी असलेला स्क्रू सैल करून त्यांनी थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतले आणि बाटली दगडावर ठेवली. "पाणी जड असतं," ते म्हणाले, "असेल तर खाली बसेल." आम्ही सारे त्या बाटलीकडे पाहत राहिलो. मुलगा तर श्वास रोखून उभा होता. काही वेळ गेला. बाटलीत वरपासून तळापर्यंत निर्मळ डिझेलच होते. पाण्याचा एक थेंबही नव्हता.

"आता तो ओला पाईप दाखव, बेटा."

मुलाने तो दाखवला. रबरी नळीचे टोक जुने होऊन कडक झाले होते. रात्रीच्या गारठ्याने ते आणखी आक्रसे आणि जोडाच्या फटीतून हवा आत शिरे. मग नळीतले डिझेल रात्रीतून टाकीकडे परत जाई आणि सकाळी इंजिनाला डिझेलऐवजी डिझेल व हवा यांचे मिश्रण मिळे. दुपारच्या उन्हाने रबर मऊ झाले, की फट बुजे. चाचांनी ते टोक कापले, नळी पुन्हा घट्ट बसवली आणि वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. प्रथम बुडबुड्यांचा फेस आला. मग डिझेलची अखंड धार लागली. स्क्रू आवळताच त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितले. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला, मग तोही विरत गेला आणि इंजिन एकसारखे चालू लागले.

हात पुसत चाचा म्हणाले, "थंडीनं गाडी बिघडत नाही, गुरुजी. आधीच बिघडलेलं असतं, ते थंडी दाखवते."

ते बोलले गाडीविषयी. पण शब्द माझ्या काळजाला लागले. त्या पहाटेने माझ्या मनातलीही एक फट दाखवली होती. खडूंची पेटी सापडली, त्याच दिवशी ती बुजवायला हवी होती. मी मुलाजवळ गेलो आणि सर्वांसमक्ष म्हणालो, "चूक माझी झाली. आजही, आणि त्या खडूंच्या पेटीच्या वेळीही."

त्याने डोळे पुसले आणि हसून म्हटले, "जाऊ द्या, गुरुजी. चला, रांग वाढेल." चालकानेही काही न बोलता त्याला आपल्या शेजारी बसवून घेतले.

पुढे मी मुख्याध्यापक झालो. कोणी मूल उशिरा येई, कोणी गृहपाठ न करता येई, कोणावर एखादा आरोप येई. रागाचा शब्द ओठांवर आला, की मला कडुनिंबाखालचे चाचा आठवत आणि मी आधी चौकशी करी. कधी घरी आई आजारी असे, कधी मूल रात्रभर शेतात जागलीला गेलेले असे. कधी खरोखरच चूकही असे. पण काचेची बाटली दगडावर ठेवून, थोडा वेळ थांबून पाहिल्याशिवाय मी कोणालाही दोषी म्हटले नाही.