तहानेला काय द्यावें ?

पोट बिघडलें म्हणजे मनुष्यास उपदेशक फार भेटतात. कोणी लंघन सांगतो, कोणी लिंबू सांगतो, तर कोणी पाण्याचा थेंबही देऊं नका म्हणून बजावतो. यांतील खरें कोणतें व खोटें कोणतें, हें आम्हांस उन्हाळ्याच्या सुटींत आजोळीं कळून आलें. आणि त्यापायीं जी किंमत मोजावी लागणार होती, तिच्या आठवणीनें अजूनही अंगावर कांटा उभा राहतो.

आमचें आजोळ रत्नागिरी जिल्ह्यांत आहे. तेथील आठवड्याच्या बाजारांत आम्ही व आमची चार वर्षांची धाकटी बहीण छकुली बर्फ घातलेलें रंगीत सरबत यथेच्छ प्यालों. बर्फ कोठल्या पाण्याचा, हें विचारण्याची बुद्धि त्या वेळीं कोणास व्हावी ? दुसऱ्या दिवशीं पहाटेपासून दोघांसही ओकाऱ्या व जुलाब सुरू झाले. आम्ही कांहीं वेळानें सावरलों. छकुली मात्र सावरेना.

शेजारच्या काकूंनीं सांगितलें, "पाणी देऊं नका हो, जुलाब वाढतील." आजी गोठ्यांत गेली असतां छकुली 'पाणी, पाणी' म्हणून रडूं लागली. आमच्यानें तें पाहवेना. पाणी चालत नसेल, तर गोड पेय चालेल, असा तर्क लढवून आम्हीं दुकानांतून एक फसफसणारें पेय आणलें व गुपचूप बाटलीभर तिला पाजलें. ममतेनें केलें, पण घात झाला. जुलाब अधिकच वाढले.

आजी परत येऊन पाहते, तों मुलीचे ओंठ सुकलेले, डोळे खोल गेलेले आणि सकाळपासून लघवी नाहीं ! तिनें छकुलीस खांद्यावर टाकलें व मामांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलें. आम्ही मागून धांवत होतों. बाटलीची गोष्ट घशांत अडकली होती.

तेथील परिचारिकाबाईंनीं जलसंजीवनीची एक पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत विरघळविली व आजीच्या हातीं चमचा दिला. थोडें पोटांत जातें न जातें तोंच ओकारी झाली. "घाबरूं नका. दहा मिनिटें थांबा, मग दोन-तीन मिनिटांनीं एकेक चमचा द्या," बाई म्हणाल्या. आजीनें तसें केलें. दिवेलागणीस छकुलीला लघवी झाली, व ती क्षीण स्वरानें म्हणाली, "आजी, भूक !" त्या एका शब्दानें आमचे डोळे भरून आले.

तेव्हां आम्हीं सर्व कबूल केलें. आजी म्हणाली, "अरे, तहानेल्या पोरीला प्यायला दिलेंस, ह्यांत पाप नाहीं. पण काय द्यावें, हें विचारायचें होतेंस."

बाईंनीं कारणही समजाविलें. आंतड्यांतून साखर व मीठ जोडीनें शोषिलीं जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शरीरांत जातें. साखर फाजील झाली, तर उलट शरीरांतलेंच पाणी आंतड्यांत ओढलें जातें. म्हणून पुडींत सारें मोजून असतें : एक लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम व साधें मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट.

पुढें वाचनांत आलें कीं, १९७१ सालीं बनगांव येथें बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली व शिरेंतून देण्याचें सलाईन पुरेना, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लुकोज यांचें पाणी पिंपांतून वाटलें, आणि रुग्णांच्या आप्तांनींच तें त्यांस पाजलें. शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण त्यामुळें शेंकडा ४ च्या आंत आलें. आमच्या आजीच्या हातींही तोच चमचा होता !

दुसऱ्या दिवसापासून आजीनें जलसंजीवनीसोबत तांदुळाची मीठ घातलेली पातळ पेज, वरणाचें पाणी व ताजें पातळ ताक थोडथोडें सुरू केलें. शहाळेंही दिलें, पण त्यांत मीठ थोडें असतें, म्हणून केवळ त्यावर विसंबली नाहीं. कडक चहा, कॉफी व बाटलीचीं गोड पेयें वर्ज्य केलीं.

पुडी घरीं नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत लहान चमच्यानें सपाट मापाचे साखरेचे सहा चमचे व मिठाचा अर्धा चमचा घालावा. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. केलेलें पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावें. मूल सुस्त पडलें, लघवी थांबली, शौचांतून रक्त गेलें किंवा ओकारी थांबेना, तर घरीं न राहतां डॉक्टर गांठावा.

आमच्या बालमित्रांस एवढेंच सांगणें कीं, आजाऱ्याला पाणी तोडूं नका. आणि तें देण्यापूर्वीं, आम्हीं केलें नाहीं तें करा : वडील माणसांस विचारा. छकुली आतां शाळेंत जाते. बाजारांत सरबताची गाडी दिसली कीं ती आमचा हात घट्ट धरते, आणि आम्ही तिचा.