चतुःसीमा

बाबा निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात पडले, त्याच आठवड्यात मी एक्सेल उघडलं. चार वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला वाटतं, की शीट नीट बांधली की उत्तर आपोआप येतं.

आधी फ्लॅट. हिंजवडीपलीकडे 55 लाख. मुद्रांक शुल्क 7 टक्के, नोंदणीचे 30 हजार, बांधकाम चालू असल्यानं वर 5 टक्के जीएसटी. म्हणजे भिंत उभी राहण्याआधीच जवळजवळ सात लाख गेले. 44 लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता 38 हजार, भाडं फार तर 15 हजार. उरलेले 23 हजार दरमहा आपल्याच खिशातून. ऑफिसातले सगळे तरीही घेत होते. मी नाही घेतला, आणि त्याचा मला जरा गर्वच झाला.

मग गुंठे. मामाच्या ओळखीतला एजंट, शहराबाहेर, रिंग रोड 'इथूनच' जाणार (रिंग रोड प्रत्येक एजंटच्या प्लॉटला खेटूनच जातो). दोन गुंठे, बारा लाख. जमीन शेतीची, पण बाबांच्या नावावर गावाकडे शेती असल्यानं त्यांच्या नावानं घेता येणार होती. बँकेनं कर्ज द्यायला नकार दिला. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. एजंट म्हणाला, "साहेब, रोखीत सुटसुटीत पडतं." मी बाबांच्या पैशांतून 51 हजार टोकन दिलं. पावती म्हणून त्यानं डायरीचं पान फाडून दिलं.

जागा बघायला बाबा आले ते टोकन दिल्यावर. मी मोबाइलवर नकाशा दाखवत होतो. ते चुन्याच्या रेघांवरून चालत गेले आणि एजंटला विचारलं, "यातले आमचे दोन गुंठे कुठले? चतुःसीमा काय लिहिणार?"

सातबारा सामाईक होता. अकरा गुंठे, त्यावर आधीचीच पाच-सहा नावं, आणखी चढायची होती. तुकडेबंदीमुळे दोन गुंठ्यांचं वेगळं खरेदीखत होत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून एकत्र घ्यायचं. कागदावर मिळणार होता तो हिस्सा. चुन्याची रेघ एजंटनं स्वतःच मारलेली. पुढे घर बांधायचं झालं तर बिनशेती परवानगी, मोजणी, रस्ता, सगळं त्या अनोळखी माणसांच्या सह्यांवर अवलंबून.

परतताना गाडीत मी चिडून बोललो, "बाबा, तुम्ही आयुष्यभर पोस्टात पैसे ठेवले. तुम्हाला रिस्क कळतच नाही." ते खिडकीबाहेर बघत राहिले. खेड शिवापूरचा टोल आला तेव्हा त्यांनी खिशातून सुटे पैसे काढून माझ्यापुढे धरले. फास्टॅग होता, पण मी ते घेतले.

टोकन परत मिळालं नाही. तीन महिने फोन केले, मग नंबर लागेना. मामाशी बोलणं अजून तुटक आहे.

आईनं एकदा जेवताना पैशांचं विचारलं. मी घास चावत राहिलो. बाबा म्हणाले, "मीच दे म्हणालो होतो त्याला. घाई झाली माझी."

डायरीचं ते पान त्यांनी रेशनकार्डाच्या फायलीत जपून ठेवलंय. परवा आधारकार्ड शोधताना दिसलं. मागच्या बाजूला त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. प्रत्येकापुढची जागा कोरी.