विमानाचे अनेक वेग

मोटारीचा वेग एकच असतो. काटा दाखवील तो. तळेगाव दाभाड्याहून चाकणच्या कारखान्यात रोज ये-जा करणाऱ्यांस याहून अधिक हिशेब लागत नाही. विमानाला मात्र एकाच क्षणी अनेक वेग असतात, आणि इंग्रजी व फ्रेंच या दोन भाषा त्यांना निरनिराळ्या नावांनी हाक मारतात.

मूळ साधन साधे आहे. १७३२ साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने वाकवलेली काचेची नळी सेन नदीत धरली. प्रवाह जितका जोराचा, तितके पाणी नळीत वर चढले. आज तशीच नळी विमानाच्या नाकाजवळ हवेत धरलेली असते. ती मोजते दाब. काटा त्यावरून वेग सांगतो. हा ‘इंडिकेटेड’ वेग, फ्रेंचमध्ये ‘अँदिके’. येथवर दोन्ही भाषांचे एकमत. नळीच्या जागेमुळे व यंत्रामुळे येणारी चूक काढून टाकली की इंग्रजीत तो ‘कॅलिब्रेटेड’ होतो, फ्रेंचमध्ये ‘कोंव्हांसिओनेल’, म्हणजे संकेताने ठरलेला. आम्हांस फ्रेंच शब्द अधिक प्रामाणिक वाटतो, कारण हा आकडा समुद्रसपाटीची प्रमाण हवा गृहीत धरूनच काढलेला असतो.

उंचीवर हवा विरळ होते. ३५,००० फुटांवर काटा २६५ नॉट दाखवीत असता विमान हवेतून सुमारे ४५० नॉट वेगाने जात असते. यास इंग्रजी ‘ट्रू’ म्हणते, फ्रेंच बहुधा ‘प्रोप्र’. सेमिनरीत लॅटिन घोकलेल्यास त्यामागचा ‘प्रोप्रियुस’ लगेच दिसतो: स्वतःचा, निजाचा. भर पावसाळ्यात इंद्रायणीत प्रवाहाविरुद्ध पोहणारा मनुष्य पाहा. पाण्यातील त्याचा वेग त्याचा स्वतःचा; पण काठावरचा माणूस म्हणेल, हा तर जागचा हललाच नाही. दोघेही खरे बोलतात. म्हणून ‘ट्रू’पेक्षा ‘प्रोप्र’ बरा, आणि मराठीत ‘निजवेग’ म्हणावे असे आम्ही सुचवतो. काठावरून दिसणारा तो भूवेग. इंग्रजीत ‘ग्राउंड स्पीड’, फ्रेंचमध्ये ‘व्हितेस सोल’.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण विमानदुरुस्ती शिकतो. आपली फ्रेंच पुस्तिका घेऊन तो आमच्याकडे आला, तेव्हा खरा धोका ध्यानी आला. तो संक्षेपांत आहे. फ्रेंच पुस्तकात ‘व्ही’पुढे बारीक ‘एस’ दिसला तर तो भूवेग असू शकतो. इंग्रजीत तीच अक्षरे ‘स्टॉल’चा वेग दाखवतात, ज्याच्याखाली पंख विमानास पुरेसे उचलून धरीत नाहीत. ‘व्ही-सी’चेही तसेच: तिकडे संकेताचा वेग, इकडे आराखड्यात धरलेला प्रवासाचा वेग. आम्ही त्यास प्रत्येक पानावर लाल पेन्सिलीने पूर्ण शब्द लिहावयास लावले. त्यास कंटाळा आला. आम्ही सोडले नाही.

१ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक समुद्रात कोसळले. २२८ जीव गेले. अपघात भाषेमुळे झाला असे कोणी म्हणू नये. पितोच्या नळ्या बर्फाने तुंबल्या आणि वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले. मिनिटभराच्या आत नळ्या मोकळ्या झाल्या. परंतु तोवर विमानाचे नाक वर ओढले गेले होते. वैमानिक आपसांत फ्रेंच बोलत होते. धोक्याचा आवाज इंग्रजीत ‘स्टॉल, स्टॉल’ असे ओरडत होता. पुढे मोजलेला वेग ६० नॉटच्याही खाली गेला, यंत्राने हवेशी होणाऱ्या पंखांच्या कोनाचा आकडा अग्राह्य ठरवला आणि आवाज थांबला. नाक खाली झुकवताच आकडा पुन्हा ग्राह्य होई, आणि आवाज पुन्हा सुरू होई.